कासमचाचांचा लाल टाका

शालू, जरा जवळ ये. कागदातून जवळ कसं यायचं म्हणशील, तर चष्मा लाव, कागद उजेडात धर आणि आधी माझी बोलणी खा. तीन आठवडे झाले तुला तळेगावहून जाऊन. निघताना टांगा वळेपर्यंत मी ओरडून सांगत होते, पोचल्याचं कार्ड टाक. दोन शब्द लिहायचे, ‘सुखरूप पोचले’. तेवढ्याला तीन आठवडे पुरले नाहीत तुला. परवा तुझ्या बापाचं कार्ड आलं. त्यात आपलं, ‘शालूचा तो दिशा शोधायचा क्लब, दर रविवारी डोंगरात, गोदे, तूच तिला काही सांग.’ म्हणजे तू धडधाकट आहेस हे मला तुझ्याबद्दलच्या तक्रारीतून कळलं.

रागावले नाही. म्हणजे रागावलेच आहे, पण त्याचं कारण जुनं आहे.

जाताना तू विचारलंस, “आत्या, बाबा म्हणतात तूही होकायंत्र घेऊन डोंगरात जायचीस, खरं का?” मी पोहे आणखी वाढू का म्हणून आत गेले. तुला वाटलं असेल, म्हातारीला ऐकू कमी येतं. सगळं ऐकू येतं. पण तुला उत्तर द्यायचं तर कासमचाचांचं नाव घ्यावं लागतं, आणि ते मी चाळीसेक वर्षांत तुझ्या बापासमोरही घेतलेलं नाही. आता लिहितेच. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नकोस.

माझ्या माहेरी, लोणावळ्याला, तेव्हा एक मास्तर होते, भूगोल शिकवायचे. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की उत्तरेकडच्या बर्फाच्या देशांत लोक हातात नकाशा न् होकायंत्र घेऊन रानात शिरतात, आधीच लावून ठेवलेली निशाणं शोधतात, आणि जो सगळी शोधून आधी परत येईल तो जिंकला. झालं, मास्तरांच्या डोक्यात ते बसलं. नकाशा कुणा सर्वेवाल्याकडून मिळवला, त्यावर पातळ कागद ठेवून दिव्याशी बसून नकला केल्या, आणि दिशा मंडळ काढलं. माणसं दहा-बारा. रेल्वेतले दोघं-तिघं, पोस्टातले एक कारकून, माझा भाऊ अण्णा, म्हणजे तुझा बाप, आणि त्याच्या मागं लागून लागून शिरलेली मी, सोळा वर्षांची. गावात आम्हाला ‘हरवलेली मंडळी’ म्हणायचे. रविवारी स्टेशनावर निघालो की पानवाला विचारायचा, “आज कोण हरवणार?”

कासमचाचा मंडळात आले ते निशाणं शिवायला. बाजारात त्यांचं शिवणाचं दुकान होतं, दुकान कसलं, एक ओटा, एक मशीन आणि मागं राहायची खोली. रेल्वेवाल्यांचे कोट, बंगल्यांचे पडदे, आमची पोलकी, सगळं तिथंच. मास्तरांनी दहा निशाणं सांगितली, अर्धं लाल अर्धं पांढरं. चाचांनी मशीन थांबवलं.

“मास्तर, ही बांधायची कुटं?”

“झाडांना.”

“आन् मग?”

“मग शोधायची.”

“तुमीच बांधायची आन् तुमीच हुडकायची?” चाचांनी चष्मा कपाळावर नेला. “त्यापरीस बांधूच नगा. कापड वाचंल.”

मास्तर हसले नाहीत. हसण्याचं त्यांना वावडं होतं. त्यांनी नकाशाच पसरला ओट्यावर. त्यावर डोंगरांच्या त्या वेड्यावाकड्या रेघा. पोस्टातल्या कारकुनांना, मॅट्रिक झालेला माणूस, मास्तर तीन रविवार त्या रेघा समजावत होते आणि त्यांना काही उमजत नव्हतं. चाचांना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी अंगठ्यानं कागद चाचपला, जसा ते कापडाचा पोत बघायचे तसा, आणि म्हणाले, “ह्या चुण्या हायत की.”

“चुण्या?”

“परकराला घालतो न्हाई का आपन. जितं चुण्या दाट तितं चढ. जितं मोकळ्या तितं सपाटी. ह्ये बगा, हितं लय दाट. हा विसापूर. आन् ही मोकळी जागा म्हंजी त्याच्या माथ्यावरचं पठार. ह्या खिंडीत मी शेरडं राखलीत.”

पुढच्या रविवारी चाचा आमच्याबरोबर गाडीत होते.

त्यांचं गाव डोंगरापलीकडं, पवनेच्या अंगाला. लहानपणी शेरडांमागं कड्यावरून घसरले आणि डावा पाय आखूड झाला. त्यामुळं धावायची शर्यत त्यांना जमणारी नव्हती. पण निशाणं लावायचं काम त्यांचं आणि शेवटी वडाखाली बसून माणसं मोजून घ्यायचं काम त्यांचं. अंगात घरीच शिवलेलं जाकीट, बंगल्यांच्या पडद्यांच्या उरलेल्या तुकड्यांचं, पाठीवर मोठाली गुलाबी फुलं. गळ्यात माप घ्यायची फीत, डोंगरातसुद्धा. “गळा मोकळा वाटतो तिच्याबिगर,” म्हणायचे. चालताना लंगडत, पण आमच्यातला एकही गडी त्यांच्याआधी खिंडीत पोचल्याचं मला आठवत नाही. “आखूड पाय चढाला बरा,” म्हणायचे, “वाकावं लागत न्हाई.”

आणि टाका. तेच तर सांगायचंय.

मळवली स्टेशनाबाहेर एक वड होता, गाडीतून दिसायचा. तिथून आम्ही सुटायचो आणि तिथंच परत यायचं. सुटण्याआधी चाचा प्रत्येकाला समोर उभं करायचे आणि शर्टाच्या बाहीला लाल दोऱ्याचा एक टाका घालायचे. कच्चा टाका, टाचून ठेवतात ना तसा. माझ्या पदराच्या कोपऱ्याला. परत आलं की जाकिटातून छोटी कात्री काढून तो कापायचे आणि दोरा खिशात टाकायचे. शेवटी खिशातले दोरे मोजायचे. जितके घातले तितके परत आले की, “चला, समदी आली,” म्हणून उठायचे. तोवर उठायचे नाहीत, गाडी चुकली तरी.

मास्तरांनी एकदा सांगून पाहिलं, “अहो, वहीत नाव लिहू, आला की खूण करू.”

“वही तुमच्यापाशी ऱ्हाणार मास्तर. टाका ज्याचा त्याच्यापाशी ऱ्हातो. घरी जाऊन हात धुताना दिसंल, की अरं, कुनीतरी वाट बगतंय.”

पोस्टातले कारकून एकदा कंटाळून मधूनच सटकले, कार्ल्याच्या रस्त्याला लागून मोटारीनं घरी. दोघांनी त्यांना जाताना पाहिलं होतं, चाचांना तसं सांगितलंही. चाचा हो म्हणाले आणि लोणावळ्याला उतरल्यावर स्वतःच्या घरी न जाता थेट कारकुनांच्या दारात. आत पाहुणे जेवत होते.

“साहेब, टाका ऱ्हायलाय.”

“अहो, मी घरी आलोय. दिसतोय ना?”

“दिसताय की. हात करा म्होरं.”

पाहुण्यांसमोर, हाताला वरणभात लागलेला, कारकुनांनी बाही पुढं केली. चाचांनी टाका कापला, दोरा खिशात टाकला, “बसा, जेवा,” म्हणाले आणि गेले. कारकून महिनाभर बोलत नव्हते त्यांच्याशी. पण त्यानंतर कुणी मधून सटकलं नाही.

खाण्यापिण्याचं सांगू का? आमच्या आईचं सक्त होतं, त्यांच्या घरचं काही खायचं नाही. हे चाचांना कुणी सांगितलं नव्हतं, कळलं होतं. त्यांच्या फडक्यात भाकरी न् खर्डा असायचा, त्यांच्या बायकोनं, बानूचाचींनी दिलेला, आणि वासानं माझा जीव जायचा. चाचा भाकरी खाताना पाठ करून बसायचे. मग कुठून तरी करवंदं, कधी पेरू, कधी ओला हरभरा आणून माझ्या पुढ्यात टाकायचे. “खा. ह्ये झाडाचं हाय, माज्या घरचं न्हाई.” मी खायची. आज वाटतं, एकदा तरी भाकरी मागायला हवी होती.

आता कात्रीचं ऐक, कारण पुढं सगळं त्यावर आहे.

निशाणं लावताना चाचा होकायंत्र वापरायचेच नाहीत, त्यांना प्रत्येक झाड पाठ. मास्तरांना ते खटकायचं. शास्त्राप्रमाणं झालं पाहिजे. एकदा त्यांनी हट्टच धरला, “कासमभाई, या खेपेला काट्यानं मोजून लावा. अमुक दिशेला इतकी पावलं. आपल्या मनाचं नको.” चाचांनी मुकाट्यानं तसंच केलं. आणि त्या रविवारी एकालाही एक निशाण सापडलं नाही. आम्ही काटेरी झुडपांत ओरबाडून निघालो. दुपारी कार्ल्याकडच्या एका भाताच्या खाचरात बघतो तर बांधावर एक म्हातारे आबा काठी घेऊन बसलेले आणि त्यांच्या मांडीखाली आमची चार निशाणं.

“कोन सरकारी मानूस हाय तुमच्यात?” आबांनी विचारलं. “जमीन मोजाया आलाव व्हय? धरनाला मागितली तवाच सांगितलं हुतं, मुडदा पडंल हितं.”

मास्तर शास्त्र समजावू लागले तशी काठी वर झाली. चाचा लंगडत पुढं गेले आणि आबांच्या पायाशी बसले. “आबा, सरकार न्हाई आमी. मी शिंपी हाय बाजारातला. ह्ये बगा, माजाच टाका हाय निशाणाला. ही शानी मानसं हायत, रिकामी. रविवारचं हरवत्यात आन् घरी जात्यात.” आबांनी टाका न्याहाळला, मग आम्हाला न्याहाळलं. मग पाण्याचा तांब्या मागवला.

मास्तरांनी तिथंच बांधावर होकायंत्र काढून तपासलं. ठीक होतं. चाचांच्या हातात दिलं तर काटा गर्रकन फिरला. परत मास्तरांकडं, ठीक. परत चाचांकडं, वेडा. शेवटी मास्तरांनी चाचांच्या जाकिटात हात घातला आणि कात्री बाहेर काढली. काटा त्या लोखंडाकडं ओढला जात होता आणि चाचा काट्यावर विश्वास ठेवून चालत गेले होते. शालू, मी इतकी हसले, इतकी हसले की बांधावर बसावं लागलं. सगळ्यांत मोठ्यानं मीच. चाचाही हसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “हास पोरी. पर ध्यानात ठिव. आंगाव लोखंड आसल तर काटा तुज्याशीच बोलतो, डोंगराशी न्हाई.”

त्या दिवसापासून होकायंत्राला हात लावायचा तर ते आधी कात्री दहा पावलांवर एखाद्या दगडावर ठेवून यायचे. पादत्राणं बाहेर काढतात तशी.

आणखी एक त्यांचं सांगणं असायचं, नव्या माणसाला तर टाका घालतानाच सांगायचे. “वाट चुकली तर म्होरं रेटायचं न्हाई. उसवायची. शेवटचं निशाण जितं बगितलं तितवर मागं यायचं. कापड उसवलं तर पुन्ना शिवता येतं. लाज वाटून कातरत गेलं की संपलं.”

दीड वर्ष मी अण्णाच्या जोडीनं फिरले. निशाणं मीच शोधायची आणि नाव अण्णाचं व्हायचं. मला एकदा एकटीला सोडा म्हणून मास्तरांच्या मागं लागले होते. मास्तर म्हणायचे, “एकट्या मुलीला डोंगरात सोडून तिच्या वडिलांना मी काय सांगू?” एका रविवारी चाचा मधे पडले. दोरा ओवत होते, मान वर न करता म्हणाले, “तिच्या टाक्याचा मी जामीन. काय सांगायचं त्ये माज्या नावानं सांगा.” वडील मालधक्क्यावर कारकून, त्यांचे कोट चाचांकडचे. चाचा म्हणाले म्हणून वडील हो म्हणाले. दुसरं कुणी म्हणालं असतं तर नसते म्हणाले.

लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीचा तो हिवाळा. माझा एकटीचा रविवार ठरला आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचला मला बघायला तळेगावची माणसं येणार असं घरात ठरलं. आई म्हणाली, डोंगर रद्द. मी रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी ठरलं, दुपारच्या गाडीनं परत यायचं. निघताना आईनं कमरेला अडकित्ता खोचला. “एकटी जातेस, अंगाला लोखंड असू दे. खिंडीतलं काही चांगलं नाही म्हणतात.” मी घाईत हो हो म्हणाले. कशाला हो म्हणाले तेसुद्धा डोक्यात शिरलं नाही.

वडाखाली चाचांनी पदर हातात घेतला. एरवी एकच टाका घालायचे, त्या दिवशी एकावर एक दोन घातले. “एकटीचा हाय. पक्का पायजे.” मग म्हणाले, “हरलीस तरी चालंल. ये मात्र.”

पाच निशाणं मी अशी शोधली की काय सांगू. सहावं विसापूरच्या पठारावर. तिथं पोचले आणि धुकं आलं. डिसेंबरात कधी कधी येतं तसं, उशिरापर्यंत न उठणारं. दहा पावलांवरचं दिसेना. मी घाबरले नाही. होकायंत्र होतं. पोटाशी धरलं, काटा बघितला, आणि भाज्याकडं उतरायचं म्हणून त्या दिशेनं चालू लागले. पोटाशी, शालू. कमरेच्या अडकित्त्यापासून वीतभर.

उतरता उतरता झाडी अनोळखी वाटायला लागली. तेव्हाच उसवायला हवं होतं. मागं फिरून पाचव्या निशाणाशी जायचं, बस. मला वाटलं, इतकी उतरले, आता पुन्हा चढायचं, आणि एकटीच्या पहिल्याच दिवशी. थोडं आणखी, थोडं आणखी. धुकं उठलं तेव्हा मी बेडश्याच्या बाजूला होते. डोंगराच्या पार भलत्या अंगाला. एक बाई गोवऱ्या वेचत होती. तिला मळवली विचारली तर म्हणाली, “मळवली? आगं बया, तू तर कामशेतच्या अंगाला आलीस.” पदर खोचायला गेले, हाताला अडकित्ता लागला, आणि मला सगळं कळलं. ज्या चुकीला मी बांधावर बसून हसले होते, तीच.

कामशेतपर्यंत पळत-चालत आले. लोणावळ्याची गाडी मिळाली. बायकांच्या डब्यात खिडकीशी बसले. पुढचं स्टेशन मळवली.

आजवर ज्यांनी कुणी विचारलं त्यांना मी सांगत आले, घरी पाहुणे यायचे होते, उतरले असते तर पुढची गाडी रात्रीची, म्हणून उतरले नाही. आईला हेच सांगितलं, अण्णाला हेच, तुझ्या आतोबांना तर काहीच नाही. हे खोटं नाही. पण खरं वेगळंच आहे, ते तुला सांगते. खिडकीतून हाक मारायला पुढची गाडी लागत नव्हती. ‘चाचा, मी इथं आहे,’ एवढं ओरडले असते तरी पुरलं असतं. मला लाज वाटली. अडकित्ता घेऊन वाट चुकले हे त्यांना सांगायची लाज.

गाडी थांबली. वडाखाली चाचा एकटेच उभे होते. बाकी कुणी दिसेना, तेव्हा मी मनाशी म्हटलं, सगळे गेले, हेही जातील आता. मास्तर न् अण्णा मला हाका मारत भाज्याच्या वाटेनं वर गेले होते हे मला काय माहीत. चाचांची पाठ गाडीकडं होती, ती गुलाबी फुलांची पाठ. एक हात कपाळाशी, उन्हाला आडवा, आणि तोंड डोंगराकडं. मी डोंगरातूनच येणार ना, गाडीकडं कशाला बघतील ते? मी पदर पुढं ओढून घेतला. त्याच पदराला त्यांचे दोन टाके. शिट्टी झाली. गाडी हलली. ते वळले नाहीत.

घरी आईनं तोंडावर पाणी मार, लुगडं बदल, असं चालवलं. डोंगरातलं लुगडं बादलीत टाकताना टाका दिसला. आईनं विचारू नये म्हणून मी तो दातानं तोडला, ओढून काढला आणि चुलीत टाकला.

पाहुणे आले, गेले. दिवेलागणीला अण्णा दारात आला, मळवलीहून सडकेनं पळत, धापा टाकत, वडिलांना सांगायला की गोदा सापडत नाही. आणि मी समोर, हातात रिकाम्या बशा. तुझ्या बापानं मला आयुष्यात एकदाच मारलं, शालू, ते तेव्हा. मारलं आणि तसाच परत स्टेशनाकडं धावला.

ते लोक संध्याकाळी काय बोलले ते मास्तरांनी मला नंतर सांगितलं. मास्तर म्हणाले होते, “कासमभाई, ती दुसऱ्या बाजूनं उतरली असेल, घरीही गेली असेल. कारकुनांसारखी.” चाचा म्हणाले, “न्हाई मास्तर. दुसरं कुनी आसतं तर मीच म्हनालो आसतो. ही टाका घिऊन जायाची न्हाई.” आणि मास्तर गावात माणसं गोळा करायला गेले तेवढ्यात चाचा कंदील घेऊन एकटेच वर गेले. अण्णा निरोप घेऊन पोचला तोवर वडाखाली कुणी नव्हतं.

सकाळी भाज्याच्या एका धनगराला ते सापडले. पाचव्या निशाणाच्या खाली, घळीत पडलेले. मी चुकले असेन तर उसवत तिथवर मागं येईन, असा त्यांचा हिशेब. त्यांनीच शिकवलेलं होतं ना.

चार दिवस होते. तिसऱ्या दिवशी अण्णा मला घेऊन गेला. ओट्यामागच्या खोलीत बाजेवर पडले होते. मशीनवर कुणाचं तरी अर्धं पोलकं तसंच. मी तेच लुगडं नेसून गेले होते, का ते विचारू नकोस. बानूचाचींनी नुसती सरकून जागा दिली.

चाचांनी डोळे उघडले. ताप होता. “गोदे? आलीस?”

“आले, चाचा.”

“पदर दे.” उशाखालची कात्री चाचपडत होते. मी पदर दिला. त्यांची बोटं काठावरून फिरली, कोपऱ्यावर थांबली. शिंप्याच्या बोटांना ताप येत नाही. “टाका कुनी काढला?”

बानूचाची माझ्याकडं बघत होत्या. अण्णा दारात उभा होता.

“तुम्हीच काढलात की,” मी म्हणाले. “मी आले तेव्हा. वडाखाली.”

टाका ओढून काढला होता ना मी, त्याची एक बारीक चुणी काठाला पडलेली होती. ती त्यांना लागली. त्यांनी ती अंगठ्यानं दाबली, सारखी केली, पुन्हा दाबली, कपडा इस्तरीला देण्याआधी करायचे तशी. मग पदर सोडला.

“व्हय काय,” म्हणाले. “मग मीच इसरलो.” आणि थोड्या वेळानं, “बानू, समदी आली गं. कात्री ठिवून दे.”

दुसऱ्या दिवशी गेले.

दिशा मंडळ त्यानंतर चाललं नाही. मास्तरांनी नकाशे बांधून माळ्यावर टाकले. तळेगावच्यांनी होकार दिला होता, वैशाखात माझं लग्न झालं. लग्नाआधी बानूचाची आमच्या मागच्या दाराशी आल्या, त्या आपल्या भावाकडं जुन्नरच्या बाजूला निघाल्या होत्या. हातात कात्री. “माजा तुज्यावर राग हाय,” म्हणाल्या. “तो जायाचा न्हाई. पर ही तुला द्यायची आसं त्यांनी सांगितलंतं, म्हून आले.” त्या दिवशीही मी त्यांना खरं सांगितलं नाही. नंतर सांगायचं ठरवलं तेव्हा त्या नव्हत्या.

तळेगावहून लोणावळ्याला माहेरी किती वेळा गेले असेन. मळवली आली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघते. वड आहे की तोडला, मला ठाऊक नाही.

तर पोचल्याचं कार्ड, शालू. आता कळलं ना, म्हातारी कार्डासाठी का भांडते? पोस्टमन गल्लीत शिरला की मी उभी राहते, आणि तो पुढं गेला की चाचांना त्या वडाखाली किती वेळ उभं राहावं लागलं असेल ते मला कळतं.

डोंगरात जा. मी तुला अडवणार नाही, तुझ्या बापालाही तसंच लिहिते. हातात काटा धरशील तेव्हा अंगावर किल्ल्या, चिमटे काही ठेवू नकोस. आणि चुकलीस तर खुशाल चूक, पण ज्यानं तुला डोंगरात सोडलंय त्याच्याकडं परत ये आणि सांग, चुकले म्हणून.

आणि ऐक. तू निघालीस त्या सकाळी न्हाणीघरात होतीस, तेव्हा तुझी निळी ओढणी दोरीवर होती. तिच्या कोपऱ्याला बघ. लाल दोऱ्याचा टाका आहे. माझा हात आता थरथरतो, म्हणून वाकडा आलाय. तो तू काढू नकोस, दातानं तर मुळीच नको. कात्री माझ्यापाशी आहे, कालच धार लावून आणली. कार्ड राहू दे आता, तूच ये. येत्या रविवारी ये, ओढणी घेऊन ये. भाकरी न् खर्डा करून ठेवते.